सी व्ह्यू मिळेल, पण पायाखालच्या मातीचं काय?

अटल सेतूवरून नवी मुंबईकडे जाताना गाडीतल्या सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात. शिवडीला पूल चढला की समोर खाडी आणि योग्य दिवसांत गेलात तर चिखलावर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा. फोटो पुढचाच काढला जातो. मागे वळून पाहिलं तर गंजलेले पत्रे, जुनी गोदामं, तेलाच्या टाक्या आणि बंदराच्या लांबच लांब भिंती दिसतात. त्या बाजूचा सेल्फी कोणी काढत नाही.

येत्या काही वर्षांत मात्र त्याच बाजूच्या जाहिराती आपल्या मोबाइलवर येतील. ‘समुद्रकिनारी राहा’, ‘वॉटरफ्रंट लाइफ’, ‘बाल्कनीतून क्रूझ बघा’ वगैरे. मुंबईकर जन्मभर ज्या समुद्राकडे पाठ करून राहिले, तो पूर्वेचा किनारा हळूहळू उघडतोय, आणि ही बातमी चांगलीच आहे. फक्त जाहिरातीत एक गोष्ट नसते. बाल्कनीतून काय दिसेल हे लिहिलेलं असतं, इमारतीखाली काय आहे हे नसतं.

भिंतीआडची मुंबई

मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू हे सगळे किनारे पश्चिमेचे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा पूर्व किनारा मात्र दीडशे वर्षं बंदराकडे राहिला. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट १८७३ साली स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक आला, ज्याला आज आपण इंदिरा डॉक म्हणतो. समुद्रात भराव टाकून जमीन तयार करायची, तिच्यावर रेल्वेचे रूळ, गोदामं आणि कारखाने उभे करायचे, असं हे काम पिढ्यान् पिढ्या चाललं.

आज ही जमीन साधारण १८०० एकर आहे, म्हणजे मुंबई बेटाच्या शहराचा जवळजवळ आठवा हिस्सा. किनारा सुमारे २८ किलोमीटरचा. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाहतूक तिकडे सरकली. इकडची गोदामं रिकामी पडू लागली. २०१४ मध्ये केंद्र सरकारने या जमिनीचा विचार करायला बंदराच्या माजी अध्यक्षा राणी जाधव यांची समिती नेमली. २०१८ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यात बागा, मरिना, क्रूझ टर्मिनल, लोकांसाठी किनाऱ्याचा रस्ता असं सगळं होतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाता येणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. दादा-वहिनींनी अलिबागला जाताना घाटाची वाट सोडून बोट धरली असेल, तर या बदलाचा पहिला घास त्यांनी खाल्ला आहे.

नावांतच इतिहास

जुन्या औद्योगिक जमिनीवर काही बांधायचं असेल तर तज्ज्ञ पहिलं काम खोदायचं करत नाहीत. आधी जुने नकाशे आणि कागद काढतात. इथे पूर्वी काय चालायचं, कोणता माल उतरायचा, टाकी कुठे होती, कचरा कुठे टाकायचे हे शोधतात. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर हे काम अर्धं तर नावांनीच करून ठेवलंय. लाकडी बंदर, कोल बंदर, कौला बंदर, टँक बंदर, कॉटन ग्रीन. कुठे लाकूड उतरायचं, कुठे कोळसा, कुठे कौलं, कुठे कापसाचे गठ्ठे, हे पाटीवरच लिहिलेलं आहे.

आणि दारूखाना! हे नाव ऐकून लहान मुलं हसतात आणि मोठे गैरसमज करून घेतात. ही दारू म्हणजे दारूगोळ्यातली दारू. बंदुकीच्या दारूशी जोडलेलं हे नाव पुढे जुनी जहाजं तोडण्याच्या धंद्याशी जोडलं गेलं. १९७१ च्या युद्धात नाव गाजवलेली आपली पहिली विमानवाहू नौका ‘आयएनएस विक्रांत’ २०१४ मध्ये इथेच आणून तोडायला घेतली गेली. तिच्या लोखंडाचा काही भाग बजाजच्या ‘व्ही’ मोटरसायकलमध्ये गेला, म्हणून ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. लोखंड विकलं गेलं. जहाज तोडताना खाली जे सांडतं ते मात्र कोणी विकत घेत नाही.

जुन्या जहाजात काय काय असतं? इंजिनाभोवती आणि पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण. रंगात शिसं. तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेला विषारी रंग, ज्यातलं ट्रायब्युटिल टिन हे रसायन २००८ पासून जगभर बंद झालं. टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ. दारूखान्यात भरतीच्या पाण्यावर जहाज चिखलात ओढून आणायचं आणि गॅस कटरने त्याचे तुकडे करायचे, अशी पद्धत. म्हणजे जे गळलं, जळलं, खरवडलं गेलं ते त्याच चिखलात. हे काम करायला माणसं आली ती बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून. आमच्या प्रदेशातली, थोडक्यात.

काळी माती आणि काळवंडलेली माती

मी हे लिहिते आहे ते झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यातून. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण मातीची पारख करणं इथल्या शेतकऱ्यांना नवीन नाही. बुंदेलखंडात मातीला मार, काबर, पडुआ, राकड अशी वेगवेगळी नावं आहेत. कुठल्या मातीत पाणी टिकेल, कुठे हरभरा चांगला येईल, हे नावावरून कळतं. शेताची माती हातात घेऊन कळते. कारखान्याखालची माती तशी कळत नाही, तिथे डोळे आणि नाक बऱ्याचदा फसवतात. तेलाचा वास येतो, पण शिसं, पारा, आर्सेनिक यांना वास नसतो. वरून गवत उगवलेलं असलं म्हणजे खाली सगळं ठीक आहे, असं काही नसतं.

घरात लहान मूल असेल तर हे वाचून सोडून देऊ नका. रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. शिशाची धूळ अंगात जाण्याचा तो अगदी साधा मार्ग आहे. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची ‘इतकी चालेल’ अशी सुरक्षित पातळी माहीतच नाही. पेट्रोल-डिझेलसारखं इंधन जमिनीत मुरलेलं असेल तर त्याची वाफ बेसमेंटमध्ये साठू शकते. अ‍ॅस्बेस्टॉस तर जमिनीत शांत पडून असतं तोवर ठीक, पण खोदकाम सुरू झालं, ते सुकलं आणि त्याचे तंतू हवेत गेले की फुफ्फुसात जातात. त्याचा आजार दिसायला वीस-तीस वर्षंही लागतात.

किनाऱ्याची अडचण वेगळी

शहराच्या आतल्या बंद कारखान्यापेक्षा किनाऱ्यावरची जमीन साफ करणं कठीण असतं, आणि याचं कारण भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवसांत समुद्राचं पाणी चार-पाच मीटर चढतं आणि उतरतं. जमिनीवर पाणी आलं नाही तरी भरावाच्या आत, दगडमातीच्या फटींतून ते दिवसातून दोनदा आत-बाहेर करत असतं. चहाची गाळणी कपात बुडवून वर काढत राहावी तसं. प्रत्येक वेळी थोडं थोडं खाडीत उतरतं.

आणि खाडीत काय आहे हे तुम्हाला माहीतच आहे. शिवडीच्या चिखलपट्ट्यावर दर वर्षी हजारो फ्लेमिंगो उतरतात. कोळी बांधव तिथेच जाळी लावतात. ठाणे खाडीच्या गाळात जड धातू सापडल्याचे अभ्यास एक-दोन नाहीत, बरेच आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या जमिनीची सफाई म्हणजे फक्त तिथे राहायला येणाऱ्यांची सोय नव्हे. खाडीच्या पाण्यातून जो मासा कोणाच्या तरी ताटात येतो, त्याचाही त्यात वाटा आहे.

दुसरी गंमत बांधकामाची. (गंमत म्हणायचं एवढंच.) उंच टॉवरला खोल पाया लागतो, दोन-तीन मजली पार्किंग लागतं. खड्डा खोदला की त्यात पाणी भरतं आणि ते पंपाने उपसून नाल्यात सोडलं जातं. शंभर वर्षं जागच्या जागी पडून राहिलेली घाण त्या एका पंपाने महिन्याभरात बाहेर येऊ शकते.

माती धुता येते का?

हो, अगदी शब्दशः. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी निवडलेली जागा म्हणजे ली नदीकाठचा जुना औद्योगिक पट्टा होता. कारखाने, भंगार, तेल, डांबर, सगळं तिथे होतं. माती ट्रकमध्ये भरून दुसरीकडे नेऊन टाकण्याऐवजी त्यांनी तिथेच माती धुणारी यंत्रं बसवली. त्या ठिकाणाला लोक ‘सॉइल हॉस्पिटल’ म्हणू लागले. तत्त्व सोपं आहे. विष बहुतेक वेळा मातीच्या अगदी बारीक कणांना चिकटलेलं असतं. पाण्याने घुसळून रेती-खडी वेगळी केली की ती परत वापरता येते आणि उरलेल्या थोड्या गाळाची नीट विल्हेवाट लावता येते. आपण तांदूळ धुतो तेव्हा जे करतो, तेच. सुमारे २० लाख टन माती अशी साफ झाली आणि खोदलेल्यापैकी बहुतेक माती तिथेच वापरली गेली.

सिॲटलची गोष्ट मला त्याहून जास्त आवडते, कारण ती इतकी गुळगुळीत नाही. तिथे युनियन तलावाच्या काठी १९०६ पासून कोळशापासून गॅस बनवण्याचा कारखाना होता. तो १९५६ मध्ये बंद पडला. रिचर्ड हाग या वास्तुरचनाकाराने कारखान्याचे मनोरे पाडायचे नाहीत असं ठरवलं आणि १९७५ मध्ये तिथे गॅस वर्क्स पार्क उघडलं. मातीत लाकडाचा भुसा आणि सांडपाण्याचा गाळ मिसळून जिवाणूंकडून तेल खाऊन घेण्याचा प्रयोग त्यांनी केला. भंगाराच्या ढिगावर चांगली माती टाकून टेकडी केली आणि आता तिथे मुलं पतंग उडवतात. पण १९८४ मध्ये तपासणीत घातक रसायनं सापडली आणि बाग काही महिने बंद ठेवावी लागली. नंतरही साफसफाईचं काम चालू राहिलं आणि तलावाच्या त्या भागात पाण्यात उतरू नका अशा पाट्या आहेत. बाग सुंदर आहे, लोक जातात, आणि पाटीही आहे. लपवलेलं काही नाही. आपल्याकडे उद्घाटनाची फीत कापल्यावर अशी पाटी कोणी लावू देईल का, याची मला जरा शंका आहे.

या दोन पद्धतींखेरीज आणखीही आहेत. काही ठिकाणी मातीत सिमेंटसारखं द्रव्य मिसळून विष जागच्या जागी बांधून टाकतात. काही ठिकाणी वर जाड थर टाकून झाकतात, म्हणजे पाणी आत जाणार नाही आणि धूळ वर येणार नाही. झाकणं स्वस्त पडतं. पण झाकलेल्या जागेवर पुढे कोणी बोअर मारू नये, खड्डा खणू नये, याची नोंद कायम ठेवावी लागते. पाच-सहा वर्षांनी सोसायटीची कमिटी बदलली की अशा नोंदींचं काय होतं, हे सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही विचारा.

चाळीस वर्षं थांबल्यावर

आमच्या झाशीहून भोपाळ रेल्वेने काही तासांवर आहे. १९८४ ची वायुगळती सगळ्यांना माहीत आहे. त्या कारखान्याच्या आवारात गळतीच्या आधीपासूनच रासायनिक कचरा टाकला जात होता, तो मातीत आणि तिथून भूजलात उतरला, हे त्या मानाने कमी जणांना ठाऊक असतं. आवारात साठवलेला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे चाळीस वर्षांनी, १२ सीलबंद कंटेनरमधून पिथमपूरला गेला. पिथमपूरच्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं, भोपाळची घाण आमच्या दारात का? त्याच वर्षी जूनअखेर तो कचरा जाळून संपला. जमिनीत मुरलेलं प्रदूषण मात्र अजून तिथेच आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. असे स्वतंत्र नियम देशात पहिल्यांदाच आले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या मंडळाने ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची, प्रदूषण करणारा शोधायचा आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडलाच नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर खर्च सरकार करेल. अमेरिकेत असा कायदा १९८० मध्ये आला होता. उशिरा का होईना, आपल्याकडे आला.

पण मुंबईच्या किनाऱ्यावर हे नियम लावायला गेलात की प्रश्न पडतो की प्रदूषण करणारा नेमका कोण? शंभर वर्षांत एका भूखंडावर दहा भाडेकरू येऊन गेले असतील. तेल साठवणारा, रंग ठेवणारा, जहाज तोडणारा. त्यांतले निम्मे धंदे बंद पडले. जमीन मात्र पहिल्यापासून एकाच मालकाची, म्हणजे बंदराची, म्हणजे शेवटी सरकारची. सफाईचा खर्च जमिनीच्या किमतीत आधीच धरला नाही तर तो कोणाच्या तरी औषधांच्या बिलात निघेल, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दारूखाना-कौला बंदरात आज जी कुटुंबं राहतात, ती या मातीवर आत्ताच राहतायत. तपासणी करायची तर टॉवरच्या आधी त्यांच्या अंगणापासून करायला हवी. नवीन बागेचा नकाशा काढताना या वस्त्या बहुतेक वेळा फक्त ‘अतिक्रमण’ या एका शब्दात येतात.

माहुलने शिकवलेलं

घाईने घरं दिली की काय होतं हे बघायला परदेशी जायची गरज नाही. त्याच पूर्व किनाऱ्यावर, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती उभ्या राहिल्या. माहुलच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून तिथल्या कुटुंबांना माहुलला पाठवलं. खोकला, त्वचेचे आजार, श्वासाचा त्रास अशा तक्रारी घेऊन लोक कोर्टात गेले, रस्त्यावर बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कोणाला जबरदस्तीने माहुलला पाठवू नका आणि दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडं द्या.

घर चारशे चौरस फुटांचं असो की चार हजार, आसपासच्या हवेची-मातीची तपासणी ते बांधायच्या आधीच करायची असते. माहुलमध्ये गरिबांनी हे अंगावर घेतलं म्हणून ते इतकी वर्षं चाललं. सी व्ह्यूवाल्या टॉवरमध्ये असं झालं असतं तर बातमी दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर आली असती.

बुकिंगच्या आधी विचारा

तुमच्या किंवा नात्यातल्या कोणाच्या घरात अशा जागेवर फ्लॅट घ्यायचं चाललं असेल, तर मॉडेल फ्लॅटमधली फॉल्स सीलिंग बघून झाल्यावर थोडे वेगळे प्रश्नही विचारा. या भूखंडावर आधी काय होतं? गेल्या दहा वर्षांचं उत्तर पुरत नाही, पन्नास वर्षांचं हवं. मातीचे आणि भूजलाचे नमुने घेतले का, किती खोलीवरून, आणि कशासाठी तपासले? ‘सॉइल टेस्ट झालीय’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. बिल्डर ज्याला सॉइल टेस्ट म्हणतो ती बहुधा जमीन इमारतीचं वजन पेलेल का याची असते. तिच्यात शिसं किंवा तेल तपासत नाहीत. दोन्ही वेगळ्या चाचण्या आहेत आणि ही गल्लत अगदी शिकलेल्या लोकांचीही होते.

२०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीचे कागद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर कोणालाही बघता येतात. ते कंटाळवाणे आहेत हे कबूल. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना बसवा. त्यांना पीडीएफमध्ये शब्द शोधायची सवय असते. ‘शिसे’, ‘तेल’, ‘भूजल’, ‘गाळ’ यांचे इंग्रजी शब्द टाकून शोधलं तरी दहा मिनिटांत अंदाज येतो.

आणि एक प्रश्न खोदलेल्या मातीचा. पायासाठी काढलेली हजारो ट्रक माती गेली कुठे? दूषित असेल तर ती तळोज्याच्या धोकादायक कचरा केंद्रासारख्या ठिकाणी जायला हवी आणि तशा पावत्या असायला हव्यात. पावत्या नसतील, तर ती माती कुठल्या तरी खाजणात, कुठल्या तरी गावच्या रस्त्याच्या भरावात किंवा शाळेच्या मैदानाखाली पसरली असण्याची शक्यता आहे, आणि तिथल्या लोकांनी तर सी व्ह्यू मागितलाही नव्हता.